‘स्कॅटर’ मराठीत आणताना: प्रत्येक वेळी ‘विखुरणे’ नको

भाषांतराचे खर्डे तपासताना एका शब्दापाशी हात थांबतोच. मूळ इंग्रजीत ‘स्कॅटर’ किंवा ‘डिस्पर्स’ दिसले, की मराठीत ‘विखुरणे’ आलेले असते. मग पोलीस जमाव विखुरतात, आचारी भाजीवर कोथिंबीर विखुरतो आणि हवामानाच्या बातमीत विखुरलेला पाऊस पडतो. वाचणाऱ्याला अंदाजाने कळते, पण वाक्य मराठी वाटत नाही. हवामान, विज्ञान, कायदा अशा मजकुरात तर अर्थच बदलतो.

‘विखुरणे’ हा शब्द चांगलाच आहे. अडचण एवढीच, की मराठीत या क्रियेला एक शब्द नाही. काय विखुरते आहे, कोणाच्या हातून आणि शेवटी काय उरते, यावर आपल्याकडे शब्द ठरतो. दाणे फोकतात, गुलाल उधळतात, मीठ भुरभुरतात, पाणी शिंपडतात, माणसे पांगतात. अनुवाद करणारे, उपसंपादक आणि इंग्रजी माध्यमात शिकून मराठीत लिहू पाहणारे यांच्यासाठी पुढचे टप्पे आहेत. ते दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेक चुका शब्द माहीत नसल्याने होत नाहीत. आधी शब्द निवडून मग संदर्भ पाहिल्याने होतात.

## तयारी: शब्द शोधण्याआधी

पूर्ण परिच्छेद वाचा, एकटे वाक्य नको. ‘द क्राउड स्कॅटर्ड’ एवढ्या तीन शब्दांवरून लोक गोळीबाराला घाबरून पळाले की जत्रा संपली म्हणून घरी गेले, हे कळत नाही. आधीच्या दोन-तीन ओळींत ते असते.

मग कागदाच्या कडेला तीन गोष्टी लिहा: काय, कोणी, आणि नंतर काय दिसते. अनुभवी माणूस हे मनात करतो, पण सुरुवातीला लिहूनच करा.

जवळ दोन प्रकारचे कोश हवेत. पारिभाषिक शब्दासाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, आणि रोजच्या शब्दाची छटा पाहण्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, तरी गावाकडच्या शेती-घरकामाच्या क्रियापदांसाठी तो अजूनही उपयोगी पडतो.

इशारा: इंग्रजी-हिंदी कोशातून मराठी शब्द काढू नका. ‘बिखरना’वरून ‘विखुरणे’ आणि ‘छिड़कना’वरून ‘शिडकणे’ अशी वाट सोपी वाटते, पण विज्ञानाच्या शब्दांत हीच वाट खड्ड्यात नेते. त्याचे उदाहरण पहिल्याच टप्प्यात आहे.

## टप्पा १: मजकूर पारिभाषिक आहे का, ते आधी ठरवा

हा टप्पा बहुतेक जण शेवटी घेतात किंवा घेतच नाहीत. तो पहिला असायला हवा, कारण शब्द पारिभाषिक असेल तर निवडीला वावच राहत नाही. तो ठरलेला असतो आणि तोच वापरावा लागतो.

हवामान. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात ‘स्कॅटर्ड’ हे पावसाचे वर्णन नसून मोजमाप आहे. एखाद्या विभागातल्या किती टक्के केंद्रांवर पाऊस होईल, ते त्यातून कळते. २५ टक्क्यांपर्यंत केंद्रे असतील तर ‘आयसोलेटेड’, २६ ते ५० टक्के ‘स्कॅटर्ड’, ५१ ते ७५ टक्के ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि त्यावर ‘वाइडस्प्रेड’. मराठीत याच क्रमाने तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी आणि बहुतेक ठिकाणी असे लिहावे.

नेहमीची चूक म्हणजे ‘स्कॅटर्ड’साठी ‘तुरळक’ लिहिणे. कानाला ते अगदी बरोबर वाटते, पण त्यामुळे अंदाज एक पायरी खाली येतो. पेरणीची तारीख ठरवणारा शेतकरी ‘तुरळक’ वाचून थांबतो आणि ‘काही ठिकाणी’ वाचून कदाचित तयारीला लागतो. इथे शब्दाची निष्काळजी कोणाच्या तरी बियाण्याच्या पिशवीवर पडते, म्हणून मी या एका चुकीबाबत फार आग्रही आहे.

प्रकाश आणि उष्णता. इथे चार शब्द एकमेकांत मिसळतात. महाराष्ट्रातल्या शालेय पाठ्यपुस्तकांप्रमाणे ते असे वेगळे ठेवा:

- हवेतल्या सूक्ष्म कणांवर आदळून प्रकाश सर्व दिशांना जातो, ते विकिरण. आकाश निळे दिसते ते यामुळे. इंग्रजीत स्कॅटरिंग.
- लोलकातून जाताना पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग वेगळे होतात, ते अपस्करण. इंग्रजीत डिस्पर्शन.
- माध्यमाशिवाय उष्णता पोचते, ते प्रारण. इंग्रजीत रेडिएशन.
- अत्तराचा वास खोलीभर जातो किंवा शाईचा थेंब पाण्यात पसरत जातो, ते विसरण. इंग्रजीत डिफ्युजन.

आता तो खड्डा. हिंदीत ‘विकिरण’ म्हणजे रेडिएशन. मराठी पाठ्यपुस्तकात ‘विकिरण’ म्हणजे स्कॅटरिंग. हिंदी मजकुरावरून किंवा हिंदी कोशावरून काम केले, तर अणुभट्टीच्या बातमीत ‘विकिरण’ येते आणि दहावीचा विद्यार्थी ते निळ्या आकाशाशी जोडतो. हिंदीत स्कॅटरिंगला ‘प्रकीर्णन’ म्हणतात. तो शब्द काही मराठी लेखांतही दिसतो. कोणताही घ्या, पण एका लेखात एकच ठेवा आणि पहिल्यांदा आला तिथे अर्थ सांगा. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जाहीर केलेला शोध प्रकाशाच्या विकिरणाचा आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या लेखांत तिथे ‘अपस्करण’ लिहिले, तर रामन लोलकावर काम करत होते असा अर्थ होतो.

कायदा आणि पोलीस. जमाव पांगतो, पोलीस तो पांगवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४८ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम १२९) बेकायदेशीर जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याविषयी आहे. बातमीत ‘पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार’ किंवा ‘पांगवण्यासाठी अश्रुधुराच्या नळकांड्या फोडल्या’ हे रूढ आहे, ते बदलू नका. सभेचा जमाव मात्र सभा संपल्यावर पांगतो, आणि सभा स्वतः विसर्जित किंवा बरखास्त होते. माणसे आणि मंडळ यांतला हा फरक सांभाळा.

भूगोल. वस्त्यांच्या प्रकारांत ‘विखुरलेली वस्ती’ हाच शब्द आहे, ‘केंद्रित’ आणि ‘रेषाकृती’ यांच्या जोडीने. इथे विखुरणे अचूक आहे. पांगलेली वस्ती किंवा तुरळक वस्ती असे करू नका.

शेती. ओळीत न पेरता मुठीने बी टाकणे म्हणजे बी फोकणे, फोकून पेरणे. तिफण किंवा पाभरीने होणाऱ्या पेरणीपासून ते वेगळे आहे, आणि कृषी सल्ल्यात हा फरक महत्त्वाचा असतो, कारण बियाण्याचे प्रमाण त्यावर बदलते. कोकणात भाताचे मोड आलेले बी चिखलात फेकून पेरतात, त्याला रहू पद्धत म्हणतात. शेणखत शेतात पसरतात किंवा विस्कटतात. ते उधळत नाहीत.

तपासणी: मजकूर यांपैकी एखाद्या क्षेत्रातला असेल आणि शब्द सापडला असेल, तर थांबा. पुढचे टप्पे त्या वाक्यासाठी लागू नाहीत.

## टप्पा २: काय विखुरते आहे?

उरलेल्या सगळ्या वाक्यांसाठी हा मुख्य टप्पा. वस्तू ठरली, की निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळतात.

माणसे, जनावरे, पाखरे. माणसे आणि गुरे पांगतात. एका ठिकाणी जमलेले वेगवेगळ्या दिशांना निघाले, हा त्यातला गाभा. घाबरून पळापळ झाली असेल तर पांगापांग. फौज हरून सैरावैरा पळाली तर दाणादाण उडाली. १४ जानेवारी १७६१च्या पानिपताच्या वर्णनात ‘सैन्य विखुरले’ लिहिले, तर पराभवाचा धक्का वाक्यातून निघूनच जातो. एखादे कुटुंब किंवा समाज दुःखाने तुटून वेगळा झाला असेल, तर वाताहत. हा शब्द जपून वापरा. त्यात नाश आहे, नुसते अंतर नाही.

पण लोक अनेक ठिकाणी स्थायिक झालेले आहेत आणि त्यात पळापळ नाही, तेव्हा ‘विखुरलेले’ योग्य. मूळचा कोकणातला बेने इस्रायली (ज्यू) समाज आज इस्रायल, मुंबई, ठाणे आणि रायगड जिल्ह्यात विखुरलेला आहे. इथे ‘पांगलेला’ लिहिले, तर काल-परवाच निघाल्यासारखे वाटते.

पाखरांचे थोडे वेगळे. झाडावरचा थवा आवाजाने उडतो, भुर्रकन उडून जातो. ‘पक्षी पांगले’ चालते. ‘पक्षी विखुरले’ म्हटले की ते जमिनीवर पडलेले दिसतात.

दाणे, पूड, पाने-फुले. स्वयंपाकघरात मीठ, तिखट, तीळ भुरभुरतात. कोथिंबीर आणि ओले खोबरे वरून पेरतात किंवा भुरभुरतात. झुणक्यासाठी किंवा मेथीच्या भाजीत बेसन पेरतात, म्हणूनच तिला पीठ पेरून केलेली भाजी म्हणतात. पाककृतीच्या भाषांतरात हे ‘पेरणे’ वापरायला लोक का बिचकतात, कळत नाही. ते शेतातून थेट कढईत आलेले अस्सल क्रियापद आहे.

कोंबड्यांना, कबुतरांना दाणे टाकतात. लग्नात वधूवरांवर अक्षता टाकतात. जेजुरीला भंडारा उधळतात, जोतिबाला गुलाल उधळतात. फुले उधळतात, किंवा फुलांचा वर्षाव होतो.

पाणी. शिंपडणे. अंगणात असेल तर सडा घालणे.

सुट्या वस्तू. माळ तुटली की मणी विखुरतात, किंवा ओघळून इकडे-तिकडे जातात. कागद वाऱ्याने उडतात, विखुरतात. रचलेले, नीट लावलेले काही बिघडले, तर विस्कटणे: केस, बिछाना, घडी घातलेले कपडे. विखुरण्याआधी गोष्टी नुसत्या एकत्र होत्या. विस्कटण्याआधी त्यांना रचना होती.

ढग, धुके, धूर, वास, बातमी. ढग पांगतात. धुके विरते. आभाळ निवळते. वास पसरतो, चांगला असेल तर दरवळतो. अफवा पसरते, रोग फैलावतो. हिवाळ्यात शहरावरचे धूलिकण ‘डिस्पर्स’ होत नाहीत असे इंग्रजी अहवालात येते. तिथे ‘हवेत विरळ होत नाहीत, साचून राहतात’ असे उलगडून लिहा. एका क्रियापदाला एकच क्रियापद द्यायला हवे असा काही नियम नाही.

इशारा: यादीतला शब्द सापडला म्हणून लगेच लिहू नका. अजून कर्ता पाहायचा आहे.

## टप्पा ३: हात कोणाचा?

इंग्रजीत ‘स्कॅटर’ दोन्हीकडे चालतो. लोक स्कॅटर होतात आणि पोलीस लोकांना स्कॅटर करतात. मराठीत काही क्रियापदे अशी दुहेरी आहेत, काही नाहीत.

पांगणे आपोआप, पांगवणे कोणीतरी. पसरणे दोन्हींसाठी चालते, पण अफवा कोणी मुद्दाम सोडली असेल तर पसरवणे. विरणे आपोआप, विरवणे कोणीतरी. विखुरणे, विस्कटणे आणि उधळणे तशीच राहून दोन्ही कामे करतात: मणी विखुरले, त्याने मणी विखुरले.

‘उधळणे’ इथे विशेष जपा. गुलाल उधळला म्हणजे कोणीतरी फेकला. बैल उधळला म्हणजे तो बिथरून पळाला. पैसे उधळले म्हणजे नासले किंवा मिरवणुकीत फेकले. लग्न ठरता ठरता उधळले, म्हणजे मोडले. मागे-पुढे नाम असेल तर गोंधळ होत नाही, पण शीर्षकात ‘सभा उधळली’ लिहिताना लक्षात ठेवा: ती कोणीतरी मुद्दाम मोडली असा आरोप त्यात येतो. लोक पावसामुळे उठून गेले असतील, तर हा शब्द अन्याय करतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘विखुरले गेले’. इंग्रजी कर्मणि रचना तशीच उचलल्याने ती होते. मेंढ्या विखुरल्या गेल्या, कागद विखुरले गेले, कुटुंबे विखुरली गेली. कर्ता सांगायचा नसेल तर मराठीला ‘गेले’ची गरज नाही: मेंढ्या पांगल्या, कागद उडाले, कुटुंबे पांगली. कर्ता सांगायचा असेल तर सरळ सांगा: वाऱ्याने कागद उडवले.

तपासणी: वाक्यातून ‘गेले, गेली, गेल्या’ काढून वाचा. अर्थ तोच राहिला, तर ते काढूनच टाका.

## टप्पा ४: क्रिया आहे की दृश्य?

इंग्रजीतले ‘स्कॅटर्ड’ पुष्कळदा क्रिया सांगतच नाही. समोर काय दिसते ते सांगते. अशा वेळी क्रियापद सोडून नाम किंवा विशेषण घेतले, की वाक्य एकदम मोकळे होते.

खोलीभर खेळणी: पसारा. अंगणात पारिजातकाची फुले: सडा पडला आहे. टेबलावर कागद: अस्ताव्यस्त, किंवा इतस्ततः पडलेले. डोंगरावर चार-दोन घरे: तुरळक घरे. व्याख्यान संपल्यावर थोड्याच टाळ्या: तुरळक टाळ्या. ग्रंथात एखाद्या विषयाचे उल्लेख: ठिकठिकाणी आलेले उल्लेख. रोजच्या वर्णनात ‘तुरळक’ अगदी योग्य आहे; तो फक्त हवामानाच्या अंदाजात ‘स्कॅटर्ड’साठी नको.

मनाच्या बाबतीत तर ‘विखुरलेले’ जवळजवळ कधीच नको. लक्ष भरकटते, चित्त थाऱ्यावर नसते, विचारांची सुसंगती लागत नाही. ‘स्कॅटरब्रेन्ड’ माणूस प्रसंगानुसार वेंधळा, धांदरट किंवा विसराळू.

## टप्पा ५: भाव जुळतो का?

शब्द वस्तूला आणि कर्त्याला बसला, तरी प्रसंगाला बसेलच असे नाही. उधळण्यात आनंद आहे किंवा नासाडी. भुरभुरण्यात हात हलका आहे. फोकण्यात जोर आणि सवय आहे.

सर्वात नाजूक जागा अस्थींची. इंग्रजी चरित्रांत ‘ॲशेस वेअर स्कॅटर्ड’ हे वाक्य नेहमी येते. आपल्याकडे पाण्यात असेल तर अस्थिविसर्जन, रक्षाविसर्जन. पण पाणी नसेल तर विसर्जन हा शब्द चुकीचा विधी सुचवतो. जवाहरलाल नेहरूंनी मृत्युपत्रात आपल्या रक्षेतली मूठभर प्रयागला गंगेत सोडावी आणि बराचसा भाग विमानातून शेतांवर टाकावा अशी इच्छा लिहून ठेवली होती. पहिल्या भागासाठी विसर्जन, दुसऱ्यासाठी विखुरणे: एकाच वाक्यात दोन शब्द लागतात, आणि दोन्ही लागतातच. ‘शेतांवर रक्षा उधळली’ असे मात्र कधीही लिहू नका. उधळण्यातला जल्लोष तिथे वाचणाऱ्याला बोचतो. ‘राख सावडणे’ तर उलट क्रिया आहे, गोळा करण्याची. कोशात शेजारी दिसली म्हणून ती घेऊ नका.

## टप्पा ६: सारखे दिसणारे इंग्रजी शब्द वेगळे करा

इथे चूक मराठीत नसून वाचण्यात असते. ‘डिस्पर्स’ आणि ‘डिस्बर्स’ यांच्या उच्चारात एकाच ध्वनीचा फरक. पहिले पांगणे, दुसरे पैसे वितरित करणे. बँकेच्या आणि शासकीय योजनांच्या मजकुरात कर्जाचे वितरण, अनुदानाचे वाटप असते. बोलताना तर बरेच जण ‘लोन डिस्पर्स झाले’ असेच म्हणतात, आणि ते ऐकून लिहिणारा चुकतो.

‘स्प्रेड’मध्ये मूळ जागा सुटत नाही, व्याप वाढतो, म्हणून पसरणे. ‘स्कॅटर’मध्ये तुकडे एकमेकांपासून दूर जातात. ‘डिसिपेट’मध्ये शेवटी काही उरतच नाही, म्हणून विरणे, ओसरणे. गर्दीचा राग डिसिपेट झाला, तर राग ओसरला.

## टप्पा ७: उलटी फेरी आणि परिच्छेदाचे वाचन

निवडलेला मराठी शब्द आता मोल्सवर्थमध्ये पाहा आणि त्याचे इंग्रजी अर्थ वाचा. तुमच्या प्रसंगाशी भांडणारा अर्थ तिथे पहिल्या क्रमांकावर असेल, तर पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर या. मग परिच्छेद मोठ्याने वाचा. एकच क्रियापद चार ओळींत तीनदा आले असेल, तर बहुधा कुठेतरी दृश्याला क्रिया समजले गेले आहे.

एक उदाहरण. कच्चा खर्डा असा:

‘वादळ आल्यावर मेंढ्या विखुरल्या गेल्या. मेंढपाळाने त्यांना गोळा करण्यासाठी दाणे विखुरले. पहाटे ढग विखुरले आणि जमिनीवर विखुरलेली पाने दिसली. विखुरलेल्या घरांमधून धूर निघत होता.’

टप्प्यांतून गेल्यावर:

‘वादळ सुटले तशी मेंढरे पांगली. कळप पुन्हा जमावा म्हणून मेंढपाळाने दाणे टाकले. पहाटे आभाळ निवळले, तेव्हा जमिनीवर पानांचा सडा पडलेला दिसला. दूरवरच्या तुरळक घरांतून धूर निघत होता.’

पाचही ठिकाणचे ‘विखुरणे’ गेले. तरी मूळ परिच्छेदात पुढे मेंढ्यांच्या गळ्यातल्या तुटलेल्या माळेचे मणी आले असते, तर तिथे मात्र तोच शब्द ठेवला असता.